नाळेवरची अबोली

तीस वर्षं मी होड्यांवर नावं रंगवली.
जय गणेश, सागरकन्या, आईचा आशीर्वाद,
नंबर, पुन्हा नंबर,
एकदा मालकाच्या हट्टाने हेलिकॉप्टरसुद्धा.
फूल कधी काढलं नाही.
कोणी सांगितलंच नाही.

श्रावण लागता लागता द्रौपदी कुबल आली,
खवण्याच्या खाडीतून, चपला हातात घेऊन.
म्हणाली, "अवंदा नाव नको. फूल काढ.
अबोली. आवस माळायची, तशी."

अबोली आमच्या परड्यात मोरीच्या पाण्यावर वाढलेली.
तिच्याशेजारच्या दगडावर मी इतकी वर्षं ब्रश पुसले,
तो दगड आता देवळाच्या कळसासारखा रंगीत आहे.
पण तिला पाहिलं म्हणाल, तर त्या दिवशी,
चष्मा लावून, उकिडवा बसून.

पाकळ्या सगळ्या एकाच अंगाला.
बाई खिडकीतून वाकून वाट बघते
आणि तिच्यामागे घर रिकामं, तसं फूल.

शेंदरीत पांढरा घातला, मिठाईचं खोकं झालं.
पिवळा टाकला, ग्रामपंचायतीची भिंत.
थेंबभर तांबडा,
गॅसचा सिलिंडर.
तेवढ्यात प्रमिला परडी घेऊन खुडायला आली.
"पाच राहू दे," मी म्हटलं.
"देवाला कमी?"
"देवाने तो रंग बघितलाय. मी अजून नाही."

मग मला नादच लागला.
सोसायटीच्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठी भरल्या.
तगरीचा पांढरा हा पांढरा नसतो,
सकाळी त्यात निळं असतं, आठानंतर निघून जातं.
जास्वंद संध्याकाळी स्वतःला वळून घेते विडीसारखी,
उद्या ती नाही, दुसरी असते,
आपण म्हणतो जास्वंद फुललीय.
गोकर्णीच्या पोटात हळदीचं बोट लागलेलं.
हे सगळं माझ्या न्हाणीघराच्या मागे चाललं होतं
आणि मी गावभर विचारत फिरत होतो,
काम आहे का, काम.

नारळी पुनव आली. अबोली काढली.
रंग जमला तो अबोलीचा नव्हता,
तिच्या शेजारच्या घरातला होता.
द्रौपदीने पैसे मोजून दिले.
चांगली म्हणाली नाही, वाईटही नाही.
होडी पाण्यात गेली.

पुढच्या जूनला होड्या वर ओढल्या,
ओंडक्यांवरून, आरोळ्या देत,
झापं घालून झाकल्या.
मी नेहमीसारखा मोजमाप घ्यायला गेलो,
किती फूट, किती डबे,
आणि झाप उचलून बघतो तर नाळेवर
मीठ, ऊन, जाळ्यांच्या दोऱ्या,
सगळ्यांनी मिळून फुलाचा रंग उडवला होता.
उडून उडून तो नेमका
तिथे येऊन थांबला होता.

घरी गेलो, एक फूल खुडून आणलं,
प्रमिलाला न सांगता.
नाळेला टेकवलं.
कुठे टेकलंय, दिसेना.

"परत रंगव," द्रौपदी म्हणाली, "फिकाट झाला."
मी अंग निळं केलं, पट्टा पांढरा,
फुलाच्या कडेपर्यंत आलो
आणि ब्रश रॉकेलमध्ये टाकला.
"अर्ध्या कामाचे अर्धेच पैसे गावतले हां."
"दे."

ती पैसे मोजायची थांबली.
नाळेपाशी गेली. बराच वेळ तिथेच.
एक हात मागे अंबाड्याकडे नेला,
काही नव्हतं तिथे,
मग पदर सारखा केला, आणि पाचशेची नोट सुटी आहे का
ते विचारलं.

परतलो तेव्हा चार वाजून गेले होते.
गुलबक्षी उघडत होती कुंपणाला.
एकाच झाडावर राणी, एकाच झाडावर पिवळी,
आणि एक फूल दोन्ही,
मधे रेघसुद्धा न आखता.

पायरीवर बसलो.
हिला आता कुठल्या डब्यातून सुरुवात करायची?